नुसता आवाज

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण उघडलं आणि मयुरीनं नाकाला ओढणी लावली. आत पालीच्या लेंड्या, झुरळांची अंडी, पंख्याच्या जाळीवर खर्र्याचे लाल शिंतोडे. पलंगावर कवडूजी खर्रा चघळत बसले होते आणि शेजारच्या डब्यात थुंकत होते. नेम दर वेळी लागत नव्हता.

"आवाज तेवढा चालू करून दे, पोरी," ते म्हणाले. "वर्षालीचा कॉल येते आता सिंगापूरहून. आज मायचा आवाज आयकला नाई तर विमानात बसन म्हणते. तिले आठवा महिना हाय. डाक्टरनं खाटेवरून उठाले बी मना केलं."

कॉम्प्युटर वर्षालीच्याच कॉलेजच्या दिवसांतला. हिंगणघाटच्या दुकानातून मयुरी खास त्यासाठी अल्लीपूरला आली होती. बी.एस्सी.ला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा अशी घाण उपसावी लागेल असं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

स्क्रीनवरच्या यादीत साउंड कार्डासमोर पिवळं चिन्ह होतं. कोणीतरी भलत्याच कार्डाचा ड्रायव्हर टाकला होता. तिनं तो काढला, चिपवरचा नंबर वाचला आणि नेमका ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून टाकला. स्पीकर खरखरला.

"काकू, माइकमध्ये बोला जरा."

कोपऱ्यातल्या बाईंनी आधी कवडूजींकडे पाहिलं.

"बोल. पण हळू, थकल्यावानी," ते म्हणाले. "'बरी हाय' म्हण अन् चूप राह्य. जास्त बोलाचं नाई."

मयुरीला शिसारी आली. पोरीशी काय बोलायचं तेही हाच माणूस ठरवणार.

काकू तिच्यासाठी पाणी आणायला आत गेल्या. भांडी वाजली. "पेले कुठं हायत?" आतून आवाज आला. या उकिरड्यात घरच्या बाईलाही पेला सापडू नये, मयुरीला वाटलं.

यादीत कॅमेराही दिसत होता. त्याचा ड्रायव्हर ठीक होता. मुद्दाम बंद करून ठेवलेला.

"काका, कॅमेरा तर चांगला हाय. चालू करू?"

"राहू दे."

"काऊन? पोरीले माय दिसन ना."

"नुसता आवाज म्हटलं ना." ते थुंकले. पिंक मयुरीच्या बॅगेवर उडाली.

तिनं बॅग पुसली. नवऱ्यासमोर तोंड न उघडणाऱ्या त्या बाईला निदान लेकीनं बघावं, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं.

कॉल आला. धक्क्यानं सांडलेला थुंकीचा डबा उचलायला कवडूजी वाकले, तेवढ्यात तिनं कॅमेरा चालू केला, व्हिडिओचं बटण दाबलं आणि पाणी घेऊन आलेल्या काकूंना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं.

"पाहू द्या तिले तुमाले."

काकूंनी पदर तोंडावर ओढला, पण उशीर झाला होता. स्क्रीनवर उशांना टेकलेली वर्षाली हसत पुढं झुकली. मग तिचं हसू थांबलं.

"मावशी," ती म्हणाली. "माय कुठं हाय?"