मेटाफेजमधली पेशी

प्रवेश परीक्षेला आठवडा उरला आणि शिंप्याच्या मुलीचं घोडं अजून पेशीविभाजनावरच अडलेलं. शेवटी जीवशास्त्राच्या सरांनी भर दुपारी तिला एकटीला प्रयोगशाळेत बोलावलं आणि कांद्याच्या मुळाची वीस वर्षांपूर्वीची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली लावून दिली.

"मधली पेशी बघ. गुणसूत्रं मध्यावर रांगेत उभी आहेत ना? हे मेटाफेज. माझ्या सगळ्या बॅच हिच्यावरच शिकल्या."

"सर, रांग फुटलीय. अर्धी वर गेलीत, अर्धी खाली."

"झाला तुझा नेहमीचा घोळ! अगं, रंग देण्याआधीच मेलेली पेशी ती. हलेल कशी?"

तिने पुन्हा डोळा लावला. तिच्या डोळ्यांदेखत पेशीच्या मधोमध एक रेघ उमटली आणि एकीच्या दोन झाल्या, अगदी सारख्या.

"तुम्हीच बघा," ती कशीबशी म्हणाली.

सरांनी वाकून पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे.

"तुम्हा दोघींपैकी हे आधी कुणी पाहिलं?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"मी," शेजारून तिच्याच आवाजात उत्तर आलं.