मागलं गेट

पाचच्या आत उसाच्या गोडीचे आकडे कारखान्यात पोचले, तर तोडीचे नंबर गोडीप्रमाणे लागणार होते. नाहीतर लागणीच्या तारखेप्रमाणे. गेणबातात्या म्हणूनच कळसच्या तपासणी केंद्रात ठाण मांडून बसले होते. आपल्यासारखा गोड ऊस तालुक्यात नाही, याची त्यांना खात्री होती.

पण फाइल जाईना.

"तात्या, कारखान्याचा सर्व्हर पासवर्ड घेतोय, फाइल मात्र घेत नाही," केंद्रात कॉम्प्युटरवर बसलेली प्रियदर्शनी म्हणाली.

"कारखान्यावर बी तसंच हाय. नाव पुढल्या गेटवर नोंदवायचं, ऊस मागल्या गेटनं न्यायचा. तुमचं मागलं गेट कुणी लावलंय का बघा की."

तिने तपासलं. कारखान्याच्या फायरवॉलमध्ये लॉगिनचा पोर्ट उघडा होता, फाइलींचे पोर्ट बंद होते. तिने कारखान्यात फोन करून ते उघडायला लावले. पाचला दहा कमी असताना फाइल गेली.

"तात्या, तुम्ही कॉम्प्युटरमध्येच जायला हवं होतं."

"मग ऊस कुणी लावला असता?"

सव्वापाचला यादी मोबाइलवर आली. लागणीच्या तारखेने तात्यांचा नंबर तिसरा लागला असता. गोडीने सत्तेचाळिसावा आला.

तात्यांनी यादी दोनदा वाचली, मग खुर्ची जरा पुढे ओढली.

"मॅडम, गेलेली फाइल माघारी बोलवता येती का?"