गाव वाचवा

वाटुरात पटकीची साथ आली, तसं सेवा मंडळाच्या बद्रीनाथनं जालन्याच्या डॉक्टरांचं व्याख्यान ठरवलं. विषय होता, ‘पाणी उकळा, गाव वाचवा’. पण निजामाच्या राज्यात सरकारी इजाजतीबिगर सभेला चार माणसं जमवायचीही चोरी होती. बद्रीनाथ अर्ज घेऊन कचेरीत गेला.

पेशकारानं अर्ज दोनदा वाचला. “गाव वाचवा? कोणापासून?”

“पटकीपासून, साहेब.”

“तसं लिहिलं न्हाई. सरकारपासून, असाबी मतलब निघतो.”

बद्रीनाथनं ‘गाव वाचवा’ खोडून नवा अर्ज नेला. आता पेशकाराचं बोट ‘उकळा’वर अडलं. “आज पाणी उकळाल, उद्या लोकांची डोकी.”

मग विषयात नुसतं ‘पाणी’ उरलं, आणि अर्ज वरच्या साहेबाकडं गेला. बद्रीनाथ रोज कचेरीत खेटे घालायचा, संध्याकाळी घरोघर सांगत फिरायचा. पण त्याचं ऐकतो कोण! त्याची मायसुद्धा, गोजरबाई, म्हणायची, “तू काय डाक्टर हाईस? त्यांना येऊन सांगू दे, मंग उकळू.”

वाट पाहून पाहून बाराव्या दिवशी डॉक्टर आपणहूनच आले, तर सारं गाव मसणवट्यात. गोजरबाईची चिता पेटलेली. डॉक्टर बद्रीनाथजवळ गेले. हळूच म्हणाले, “इजाजत आली का?”

“न्हाई,” चितेवरची नजर न हलवता बद्रीनाथ म्हणाला. “हितं जमायला ती लागत न्हाई. बोला, डॉक्टरसाहेब.”