टेस्ट बेंचवरचा नवरदेव

इंजिन बंद झालं तरी पाहुणा कान लावून उभाच होता. मग त्याने शेठने दिलेला भावाचा कागद घडी करून खिशात घातला आणि मान हलवली. नाही.

अजिंक्यशेठच्या तोंडातली सुपारी गालात थांबली. "मृणाली, काय म्हणतो तो?"

मृणाली शेठची पुतणी. कारखान्यातलं इंग्रजी तिच्याकडे. "उद्या दुसरं दाखवा म्हणतात, काका."

पाहुणा इंडोनेशियाचा, नाव विजया. तिकडच्या एका डोंगराळ शहरात शाळेच्या गाड्यांचा ठेका त्याच्याकडे होता. सगळ्या गाड्या गॅसवर करायच्या म्हणून पाचशे इंजिनं हवी होती. पुण्याकडचे दोन मोठे कारखाने बघून तो रिकाम्या हाताने रत्नागिरीला आला होता. माणूस भलताच चिकित्सक, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

तो गणपतीपुळ्याच्या हॉटेलवर गेला तसा शेठ हसला. "नाव बाईचं आणि कान सशाचे! रावजी, उद्या नवरदेवालाच पुसून परत उभा कर. दुसरा म्हणून. निळा रंग सगळ्यांना सारखाच."

रावजी बेंचवर इंजिनं चालवून बघायचा. नवरदेव म्हणजे दाखवायचं इंजिन. त्यात सगळा माल खरा. प्रत्येक परदेशी गिऱ्हाइकापुढे तेच उभं राहायचं, कुंकू लावून, झेंडूचा हार घालून. खोक्यात जायची ती दुसरी. गॅस कोरडा जळतो. त्या दुसऱ्या इंजिनांतल्या मऊ सीटा, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्या, काही महिन्यांत झिजायच्या आणि इंजिन चढावर मान टाकायचं.

"शेठ, पोरांच्या गाड्यांत बसणार आहेत ही. घाटात गाडी मागे आली तर?"

"तिकडची पोरं काय तुझी नातवंडं आहेत?" शेठने पिंक टाकली. ती बेंचच्या पायावर पडली.

रावजीने फडक्याने ती पुसली. गेली कित्येक वर्षं तो हेच पुसत होता.

जेवणाच्या सुट्टीत पाहुण्याने मोबाइलवर गाडीतली पोरं दाखवली होती. लाल टाय, पुढचे दात पडलेले, आणि सगळी बेंबीच्या देठापासून गाणं म्हणत होती. रावजीने तो व्हिडिओ पुन्हा मागून बघितला होता.

सकाळी शेड उघडताच त्याने चेन ब्लॉक ओढला. कोपऱ्यात तक्रार होऊन परत आलेलं एक इंजिन पडलं होतं.

"अण्णा, हे मढं कशाला उचलता?" वेल्डर बाबल्याने विचारलं.

"आज ह्याचं लगीन."

"शेठ तुमचं तेरावं घालील."

"घालू दे. त्या माणसाला कान आहेत, बाबल्या. हे ऐकलं की तो चपला सोडून पळेल. एकदा तरी खरं ऐकू दे कोणाला."

बाबल्याने दाराकडे बघितलं, शिवी हासडली आणि साखळीला हात लावला. नवरदेव ताडपत्रीखाली गेला. हार मढ्याच्या गळ्यात पडला.

पाहुणा आला. रावजीने इंजिन सुरू केलं. ते खोकलं, थरथरलं. आत कोणी हातोडा आपटावा तशी टकटक सुरू झाली. भार दिला तसं धापा टाकत बंद पडलं. शेडभर जळका वास पसरला.

शेठचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने रावजीकडे बघितलं. रावजीने नजर हलवली नाही. नोकरी गेली, हे त्याला कळलं. तरी बऱ्याच दिवसांनी तोंडाची कडू चव गेल्यासारखी वाटली.

विजयाने इंजिनाभोवती एक फेरी मारली. हारातलं एक फूल नीट केलं. मग तो हळू आवाजात बराच वेळ बोलला. ऐकता ऐकता मृणालीने ओढणी तोंडाशी धरली.

"काय म्हणतो? सांग ना!" शेठ खेकसला.

"कालचं फार चांगलं होतं म्हणतात. पुण्याचीही चांगलीच होती. चांगल्याला भाव पडतो." ती रावजीकडे बघत नव्हती. "त्यांना हेच हवंय. पाचशेच्या पाचशे अशीच. निम्म्या भावात."

शेठ श्वास घ्यायलाही थांबला नाही. "आवाज तेवढा कमी करून देतो म्हणावं."

तिने सांगितलं. पाहुणा हसला. त्याने मोबाइल काढला आणि कालचाच व्हिडिओ लावून रावजीपुढे धरला.

"गरज नाही म्हणतात," मृणाली म्हणाली. "पोरं गात असतात. कुणाला ऐकू जात नाही."