कसोटीचा कोपरा
१९६८च्या संवत्सरीला, जैनांच्या क्षमेच्या दिवशी, जळगावच्या दलिचंद सराफांनी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत सगळ्या गावाची क्षमा मागितली आणि सगळ्यांना क्षमा केली, भाव पाडणाऱ्या समोरच्या दुकानातल्या हस्तीमललासुद्धा. राहिली ती एकटी नात. धुळ्याला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या राजकुंवरनं सोनं पारखायच्या काळ्या कसोटीचा कोपरा न विचारता फोडून नेला होता. “तीन पिढ्यांची कसोटी! तुझं कॉलेज बंद,” असं आजोबांनी सांगून टाकलं होतं. राजकुंवरनं त्या दिवशी एसटीतून मांडीवर सांभाळत आणलेला कॉलेजचा मायक्रोस्कोप त्यांच्यापुढे ठेवला. कोपरा घासून घासून तिनं काचेवर कागदाहून पातळ केला होता. दलिचंदांनी डोळा लावला, तर काळ्यात पांढरे जाळीदार गोळे दिसले. “हे जीव होते, दादाजी. खोल समुद्रातले. मेल्यावर त्यांची गारगोटीसारखी कवचं तळाशी साचली, त्यांचाच हा दगड झाला.” सराफाला पुरावा लागतोच. “खोल कशावरून?” “यात वाळूचा कण नाही, म्हणजे किनारा लांब होता. चुन्याचं कवचही नाही, ते फार खोलात विरघळतं.” दलिचंदांचा चेहरा उतरला. सूक्ष्म जीवही मरू नये म्हणून पाणी गाळून पिणारा माणूस चाळीस वर्षं जिवांवर सोनं घासत बसला होता. “तुम्ही कुठे मारलेत, दादाजी? ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच गेलेत.” “म्हणून काय झालं?” त्यांनी टोपी सारखी केली, कसोटीपुढे हात जोडले आणि म्हणाले, “मिच्छामि दुक्कडम्.” मग कसोटी मखमलीत गुंडाळता गुंडाळता, नातीकडे न बघता पुटपुटले, “दुसरा कोपरा लागला, तर विचारून ने.”