एकेचाळीस नावं

बटण दाबल्यावर ओदिलियाच्या लक्षात आलं. दुरुस्त केलेल्या कामासोबत साक्षीदारांची यादीही सर्व्हरकडे निघाली होती. एकेचाळीस नावं, गावांसकट.

ती काम करत असलेल्या संस्थेचं सर्व्हरवरचं हे कोठार सगळ्या जगाला उघडं होतं. त्यात पडलेलं कुणीही आपल्या संगणकावर उतरवून घ्यावं, आणि एकदा घेतलेलं परत मागायची सोय नाही. पुढच्या महिन्यात हे एकेचाळीस जण ग्वातेमालाच्या कोर्टात एका कर्नलविरुद्ध उभे राहणार होते. तोवर नाव फुटलं की माणूस संपला. यादीत सतरावी होती तिची सख्खी मावशी, रुफिना. "तुझ्या भरवशावर देतेय हं नाव, पोरी," असं म्हणून मावशीनं अंगठा उठवला होता.

ती धावतच पलीकडच्या खोलीत गेली. सर्व्हर सांभाळणारा एवारिस्तो मक्याचा गरम अतोल फुंकत पीत बसला होता.

"यादी गेली रे! माझ्या हातून गेली!"

त्यानं पडद्यावर पाहिलं आणि खुशाल हसला.

"बस आधी. भूत पाहिल्यासारखी उभी काय राहतेस! बाहेरून आलेलं काही थेट आत जात नाही, बाई. आधी ओसरीवर थांबतं. मी लिहिलेला पहारेकरी प्रोग्राम ते चाळतो. यादीतलं एक जरी नाव सापडलं, की सगळं तिथूनच झाडून टाकतो. तुझंही टाकलंय. आत कणभरसुद्धा गेलं नाही."

ओदिलिया मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. एवारिस्तोनं आपला पेला तिच्यापुढे सरकवला. दोन घोट पोटात गेल्यावर तिच्या जिवात जीव आला.

"गुणाचा आहे हो तुझा पहारेकरी. पण त्याला नावं ओळखता कशी आली?"

"त्याला कुठली अक्कल! मीच त्याच्यात लिहून ठेवलीत. एकेचाळीसच्या एकेचाळीस."

"आणि तो कुठे ठेवलायस?"

"कुठे म्हणजे? कोठारातच. आपलं काही झाकलेलं नको, कुणीही तपासून पाहावं म्हणून..."

त्यानं झटकन पडद्याकडे वळून पहारेकऱ्याची नोंद उघडली.

"तिथे ठेवून तीन महिने झाले," तो म्हणाला. "दोनशे सहा जणांनी उतरवून घेतलाय."