उघडं फाटक

“मेंढपाळाचं नायिकेवर प्रेम आहे, असं लेखक कुठेही म्हणत नाही,” जुन्या इंग्रजी कादंबरीचं पान उलटत रोहिणी मॅडम म्हणाल्या. “तो फक्त येता-जाता तिच्या कुरणाचं फाटक लावून घेतो. याला प्रतीक म्हणतात. परीक्षेत विचारतात हे.”

मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “पण मॅडम, इतकी वर्षं तिला कळत कसं नाही?”

“कारण तिला नुसतं फाटक दिसतं. प्रतीक वाचणाऱ्याला दिसतं.”

वर्गानं ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

संध्याकाळी एसटीतून उतरून रोहिणी मळ्यातल्या घरापाशी आली, तर फाटक सताड उघडं आणि कुणाच्या तरी शेळ्यांनी मेथीचा वाफा फस्त केलेला. सकाळी बस पकडायच्या घाईत फाटक लावायचं तिच्या कधीच लक्षात राहत नसे. पण परतताना ते तारेचा वेढा देऊन नीट लावलेलं असायचं.

“आई, आज फाटक नाही लावलंस?”

“मी कधी लावलंय? या गुडघ्यांनी ओटा तरी उतरवतो का मला? शेजारचा दौलत लावायचा. तो गेला की पहाटेच, बहिणीकडे कोल्हापूरला. आता तिकडंच राहणार. काल निरोप घ्यायला आला होता, तू कॉलेजात होतीस. सांगायचं राहूनच गेलं बघ.”

रोहिणीनं शेळ्या हाकलल्या आणि फाटक ओढून घेतलं. तारेचा वेढा द्यायला गेली, तर तो तिला जमेना.

दुसऱ्या दिवशी बसला निघताना फाटक तिच्या नीट लक्षात होतं. तिनं ते उघडंच ठेवलं.